आवाहन आणि अर्थ : ब्रॅथवेट यांची कविता पुन्हा वाचताना

कामाऊ ब्रॅथवेट ४ फेब्रुवारी २०२० रोजी बार्बेडोसमध्ये निवर्तले. ती बातमी वाचल्यावर मी त्यांच्या 'दि अरायव्हन्ट्स' या कवितात्रयीची माझी जुनी प्रत कपाटातून काढली. पंधरा-सोळा वर्षे हीच प्रत हातात धरून मी एम.ए.च्या वर्गाला कॅरिबियन कविता शिकवीत आलो होतो. निवृत्तीनंतर ती उघडली नव्हती. पाने चाळताना कवितेच्या आधी नजरेत भरली ती समासातील माझीच पेन्सिलीची अक्षरे. 'लेग्बा = संवादाचे प्रतीक', 'ओगुन = श्रमाचे मिथक', 'ढोल = सामूहिक स्मृती', 'संचार = अस्मितेचा शोध'. प्रत्येक देवतेपुढे एक बरोबरीचे चिन्ह होते. ही चिन्हे मी किती निःशंकपणे काढली होती, याचे त्या दिवशी मला आश्चर्य वाटले. प्रस्तुत लेख त्या बरोबरीच्या चिन्हांविषयी आहे. त्यांच्यामुळे काय कळले आणि काय झाकले गेले, याचा हिशेब मांडण्याचा हा प्रयत्न आहे. त्यात माझ्या हातून झालेल्या एका चुकीची कबुलीही अपरिहार्यपणे येईल.

आमच्या पिढीतील साहित्याच्या अध्यापकांना 'मिथक' ही संज्ञा फार सोयीची वाटली, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. आदिबंधात्मक समीक्षेच्या परिचयानंतर दैवतकथा, विधी, लोकश्रद्धा यांविषयी बोलण्याची एक प्रतिष्ठित परिभाषा आपल्याला मिळाली. या परिभाषेत एक सवलत दडलेली होती. देव आहे की नाही, कवीचा त्यावर विश्वास आहे की नाही, आणि मुख्य म्हणजे आपला स्वतःचा त्याच्याशी काय संबंध आहे, हे प्रश्न न विचारता देवाविषयी तासभर व्याख्यान देता येत असे. मला ही सवलत विशेष प्रिय असण्याचे कारण घरगुती होते. माझे वडील माध्यमिक शाळेत शास्त्र शिकवीत. गावच्या जत्रेत कोणाच्या अंगात आले की ते आम्हा भावंडांचे हात धरून गर्दीतून बाहेर नेत आणि घरी आल्यावर शांतपणे समजावून सांगत, की हा एक तर आजार असतो किंवा ढोंग. तिसरी शक्यता त्यांनी सांगितली नाही आणि मीही विचारली नाही. पुढे 'मिथक' या शब्दाने ती तिसरी शक्यता दिली, असे मला वाटले. वस्तुतः त्या शब्दाच्या आधाराने मी पुन्हा गर्दीतून बाहेरच पडत होतो. फरक इतकाच, की या वेळी हात धरणारे कोणी नव्हते.

'दि अरायव्हन्ट्स' ही त्रयी 'राइट्स ऑफ पॅसेज' (१९६७), 'मास्क्स' (१९६८) आणि 'आयलंड्स' (१९६९) अशी क्रमाने प्रसिद्ध झाली आणि १९७३ मध्ये एकत्रित रूपात आली. तिचा प्रवास अमेरिका व इंग्लंड येथे विखुरलेल्या कृष्णवर्णीयांपासून आफ्रिकेकडे आणि आफ्रिकेतून पुन्हा बेटांकडे असा आहे. पहिल्या भागाच्या शीर्षकातच श्लेष आहे. उच्चारात जो शब्द 'संस्कारविधी' असा ऐकू येतो, तो लिहिताना 'हक्क' असा लिहिला आहे. तिसऱ्या भागात 'नवे जग', 'लिंबो', 'बंड', 'पझेशन' आणि 'आरंभ' अशी पाच प्रकरणे आहेत. यांतील 'पझेशन' या शब्दाने मला मराठीत नेहमीच अडवले. त्याचा एक अर्थ मालकी आणि दुसरा अर्थ संचार. जो माणूस दुसऱ्याच्या मालकीची वस्तू होता, त्याच्या देहाचा देवाने ताबा घ्यावा, हे एकाच शब्दात सांगण्याची सोय इंग्रजीत आहे. आपला 'संचार' हा शब्द स्वच्छ आहे. त्याला गुलामांच्या बाजाराचा वास नाही. भाषांतरात सुटून जाणारा हा दुवा म्हणजेच या कवितेचा गाभा होय, असे आता मला वाटते. परंतु वर्गात मी तो 'रोचक श्लेष' म्हणून सांगत असे आणि पुढे जात असे.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या वर्गात 'आयलंड्स'मधील 'नेगस' ही कविता चालू होती. वातावरण जड होते. मीही अस्वस्थ होतो. कवितेकडे वळण्यापूर्वी मी बुद्धिप्रामाण्याविषयी काही बोललो. त्यात माझ्या वडिलांचाही उल्लेख आला असावा. मग कविता सुरू केली आणि लेग्बा या दैवताविषयी सांगू लागलो. तेव्हा मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, तुमचा यातल्या कशावरच विश्वास नाही. मग ही कविता तुम्ही कशाच्या आधारावर शिकवता?" प्रश्नात उद्धटपणा नव्हता. हा मुलगा गोंधळ्यांच्या घरातला होता, लग्नसराईत संबळ वाजवून फीचे पैसे उभे करीत असे, हे मला ठाऊक होते. मी कोलरिजच्या प्रसिद्ध सूत्राचा आधार घेतला. अविश्वास तात्पुरता बाजूला ठेवणे म्हणजेच काव्यानुभव, आपण येथे दैवत वाचत नसून मिथक वाचतो आहोत, वगैरे सांगितले. तो खाली बसला. त्याचे समाधान झाले नव्हते, हे मला दिसत होते आणि मी ते पाहायचे टाळले.

'नेगस' या कवितेची घडण थोडी विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. नेगस ही इथिओपियाच्या सम्राटाची पदवी. हैले सेलासी एप्रिल १९६६ मध्ये जमैकाला गेले होते आणि रस्ताफारी पंथीयांच्या दृष्टीने ते साक्षात देवाचे आगमन होते. जमैका आणि त्रिनिदाद १९६२ मध्ये स्वतंत्र झाले, बार्बेडोस १९६६ मध्ये. अशा वेळी ही कविता सांगते, की एवढे पुरेसे नाही. मात्र ते ती सरळ सांगत नाही. इंग्रजीतील 'ते' या अर्थाचे एक क्षुल्लक सर्वनाम ती पुन्हा पुन्हा उच्चारते. वाक्य सुरू होते, अडते, पुन्हा पहिल्या अक्षरावर येते. मग हळूहळू वाक्ये जुळतात, काय काय पुरेसे नाही याची यादी होते, आपले नाव घडवायला शब्द हवेत अशी मागणी येते आणि अखेरीस कविता पुन्हा एका तुटक अक्षरावर येऊन ठेपते. त्या अक्षराला दुसरे जोडले जाते, मग तिसरे, आणि त्यातून 'आतिबॉन लेग्बा' हे नाव उभे राहते. शेवटी हैतीच्या क्रिओल भाषेत त्याला विनवणी आहे, की माझ्यासाठी फाटक उघड. हैतीच्या वोदू विधीत प्रथम आवाहन लेग्बाचेच होते. त्याने फाटक उघडल्याशिवाय अन्य दैवते, ज्यांना तेथे 'ल्वा' म्हणतात, येऊ शकत नाहीत.

माझे विवरण असे असे : आरंभीचे अडखळणे हे भाषा हिरावलेल्या वसाहतीतील माणसाचे अडखळणे, लेग्बा हा संवादाचा देव, म्हणून तो गमावलेल्या भाषेच्या पुनःप्राप्तीचे प्रतीक. हे विवरण चुकीचे नाही. अनेक जाणत्या समीक्षकांनी याच अंगाने लिहिले आहे. पण त्या दिवशी तास संपल्यावर तो विद्यार्थी माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, तो अडखळत नाही. तो हात बसवतोय." मी समजलो नाही. तेव्हा त्याने टेबलावर बोटांनी वाजवून दाखविले. ठेका धरण्यापूर्वी वादक दोन-चार सुटे आघात करतो, थांबतो, पुन्हा करतो. वाद्य तापले आहे का, हात आणि कातडे यांचे जमले आहे का, हे पाहणे असते. ऐकणाऱ्याला ते तुटक वाटते. वाजविणाऱ्याच्या लेखी विधी तेथूनच सुरू झालेला असतो.

महिन्याभराने झालेल्या चाचणीत त्याने हाच मुद्दा लिहिला. ही कविता लेग्बाचे वर्णन करीत नाही, ती त्याला बोलावते. म्हणून तिचा अर्थ शोधण्याआधी ती कोणाशी बोलते आहे हे पाहिले पाहिजे, अशा आशयाची तीन-चार वाक्ये होती. इंग्रजी कच्चे होते. एकाही समीक्षकाचा हवाला नव्हता. त्या वाक्यांखाली मी लाल रेघ ओढली, समासात 'पुरावा?' असे लिहिले आणि गुण कापले.

आज ती कविता पुन्हा वाचताना पुरावा समोरच दिसतो. तो कवितेच्या ध्वनिरचनेत आहे. आरंभीचे अर्थशून्य सर्वनाम आणि शेवटी येणारे दैवताच्या नावाचे पहिले अक्षर यांत केवळ स्वराचा फरक आहे. जे सर्वनाम कशाकडेच निर्देश करीत नव्हते, तेच किंचित बदलून कोणाचे तरी नाव होते. मधल्या साऱ्या ओळी हा त्या दोन अक्षरांमधील प्रवास आहे. शिवाय, अंतिम वाक्य प्रथमपुरुषी विनवणी आहे. प्रतीकाला कोणी विनवणी करीत नाही. 'लेग्बा म्हणजे संवाद' असे म्हटल्याबरोबर शेवटची ओळ 'हे संवादा, माझ्यासाठी फाटक उघड' अशी होते आणि तिच्यातील सारी निकड निघून जाते. बरोबरीच्या चिन्हाने येथे केलेले नुकसान नेमके हे आहे. संबोधनाचे त्याने विधान करून टाकले.

'मास्क्स'मध्ये हीच गोष्ट अधिक विस्ताराने घडते. ब्रॅथवेट १९५५ ते १९६२ या काळात घानामध्ये शिक्षणखात्यात होते. तेथील अकान लोकांच्या विधींची चौकट या भागाला आहे. ढोल घडविण्याविषयीची कविता कातडे, खोड, काठ्या, तुंबे व खुळखुळे आणि घंटा अशा पाच पायऱ्यांनी जाते. तिच्यातही ज्या बोकडाचे कातडे घ्यायचे त्याच्याशी, ज्या झाडाचे खोड घ्यायचे त्याच्याशी बोलणे आहे. अकान भाषा स्वरभेदी असल्यामुळे 'आटुंपान' या ढोलजोडीवर उंच-सखल स्वरांनी वाक्ये वाजविता येतात. तेथे 'ढोल बोलतो' हे अलंकारिक विधान नव्हे. माझ्या समासातील 'ढोल = सामूहिक स्मृती' हे समीकरण या साध्या माहितीसमोरही टिकत नाही. जो ढोल प्रत्यक्ष बोलतो त्याला मी स्मृतीचे चिन्ह करून गप्प केले होते.

येथे एका मोहाविषयी सावध राहिले पाहिजे. संबळाचा दाखला एकदा मिळाल्यावर साम्यांची रांगच लागते. सर्व कार्यारंभी ज्याला वंदन करायचे तो गणपती आणि फाटक उघडणारा लेग्बा. गोंधळाचा चौक आणि वोदू विधीत मक्याच्या पिठाने जमिनीवर रेखाटली जाणारी 'वेवे' ही चिन्हे. गोंधळ्याने एकेका ठिकाणच्या दैवताला नाव घेऊन बोलावणे आणि कॅरिबियन कवितेतील नामावळी. मीही वर्गात असे एक वाक्य मोठ्या आवडीने उच्चारीत असे : हैतीत ज्याच्यात देव संचारतो त्याला देवाचा 'घोडा' म्हणतात, आपल्या कोकणात 'झाड' म्हणतात, जमिनीवरून उखडलेल्यांची प्रतिमा घोड्याची आणि जमिनीवर रुजलेल्यांची झाडाची. वाक्य श्रवणीय होते. विद्यार्थी ते टिपून घेत. ते चुकीचे होते. देवाने माणसावर स्वार होण्याची कल्पना पश्चिम आफ्रिकेत आपापल्या भूमीवर नांदणाऱ्या समाजांतही आहे. हौसा लोकांच्या 'बोरी' विधीत संचार झालेल्याला घोडाच म्हणतात. उखडले जाण्याशी त्या प्रतिमेचा संबंध मी जोडला होता, कारण तो जोडल्याने वाक्य पुरे होत होते.

लेग्बाच्या बाबतीत खरा फरक पाहायचा असेल तर तो त्याच्या देहात पाहावा लागतो. दाहोमेमध्ये, म्हणजे आजच्या बेनिनमध्ये, लेग्बा हा तरुण, उद्दाम, प्रजननशक्तीने मुसमुसलेला देव आहे. हैतीत तोच लेग्बा म्हातारा होतो, कुबडी घेऊन लंगडत येतो. समुद्र ओलांडताना देवाचेच वय झाले. गुलामांच्या जहाजावर त्याच्या भक्तांचे जे झाले ते त्याचेही झाले. गणपतीशी तुलना येथे थांबते. ब्रॅथवेट यांच्या 'लेग्बा' या कवितेत हा देव चर्चमध्ये येतो तो कुबडी टेकीत, परक्यांचे महायुद्ध लढून, त्याच्या फिती छातीवर मिरवीत. निवृत्तिवेतनावर जगणारा हा म्हातारा बार्बेडोसच्या कोणत्याही रस्त्यावर भेटला असता. देव मिथकाच्या कालातीत प्रदेशात राहत असता तर तो लंगडा झाला नसता. त्याला इतिहास आहे. म्हणून त्याची पूजा करणाऱ्यांना आपला इतिहास पुस्तकात नसतानाही समोर चालताना दिसत होता.

त्याच्या भक्तांना कायद्याचाही इतिहास आहे. १७६० मध्ये जमैकात टॅकीच्या नेतृत्वाखाली गुलामांचे मोठे बंड झाले. बंडकऱ्यांना ओबियाच्या जाणत्यांनी शपथा व संरक्षक चूर्ण दिले होते. त्याच वर्षी तेथील विधिमंडळाने ओबिया हा गुन्हा ठरविला. त्रिनिदादमध्ये 'शाउटर' बाप्टिस्टांच्या उपासनेवर १९१७ मध्ये बंदी आली, ती १९५१ मध्ये उठली. हैतीत १९४१-४२ मध्ये कॅथलिक चर्चने शासनाच्या सहकार्याने 'अंधश्रद्धाविरोधी' मोहीम चालविली. तीत ढोल व पूजावस्तू जाळल्या गेल्या, लोकांकडून वोदू सोडल्याच्या शपथा घेतल्या गेल्या. 'अंधश्रद्धाविरोधी' हा शब्द त्या संदर्भात प्रथम वाचला तेव्हा मला धक्का बसला होता. आपल्याकडे हा शब्द वेगळ्या परंपरेतून येतो. २०१३च्या डिसेंबरात महाराष्ट्रात जो कायदा झाला तो श्रद्धेला गुन्हा ठरवीत नाही, फसवणूक, भीती आणि छळ यांना ठरवतो. त्यामागे समाजातूनच उठलेली दीर्घ चळवळ आहे आणि एका माणसाचे रक्त आहे. हैतीतील मोहीम ही एका धर्मपीठाने दुसरा धर्म जाळण्याची मोहीम होती. शब्द एक असला तरी या दोन गोष्टी एक नव्हेत.

या मोहिमेला विरोध करणाऱ्यांत झाक रुमॅं हे कवी-कादंबरीकार अग्रभागी होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९३४ मध्ये हैतीचा साम्यवादी पक्ष स्थापन करणारा, जडवादी विचारांचा हा माणूस. त्याने १९४१ मध्ये मानववंशशास्त्राची शासकीय संस्था उभारली आणि जाळल्या जाणाऱ्या वस्तू जमविण्याचे काम हाती घेतले. त्याचे म्हणणे असे होते, की मोहीम काढायचीच असेल तर ती दैन्याविरुद्ध काढा. शेतकऱ्याला शाळा आणि दवाखाना द्या. वोदू खरे आहे असे त्याने कधी म्हटले नाही. पण आसोतोर या महाढोलाच्या विधीचे त्याने केलेले वर्णन १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले, ते इतके बारकाईचे आहे की त्यातील प्रत्येक वस्तूला तिची जागा आणि तिचे नाव मिळाले आहे. श्रद्धा न ठेवता आदरपूर्वक जवळ उभे राहता येते, याचा हा दाखला. माझ्या वडिलांनी न सांगितलेली तिसरी शक्यता बहुधा हीच असावी. अर्थात, जवळ उभे राहणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. त्याच हैतीत १९५७ पासून फ्रांस्वा द्युवालिए यांनी वोदूच्या दहशतीचा आपल्या हुकूमशाहीसाठी कसा वापर केला, हे सर्वश्रुत आहे. लेग्बाच्या फाटकातून केवळ मुक्तीच आत येते असे मानणे हाही एक भाबडेपणाच ठरेल.

डेरेक वॉलकॉट यांचा आक्षेप याच संदर्भात विचारात घ्यावा लागतो. १९७० च्या दशकारंभीच्या निबंधांत त्यांनी आफ्रिकेकडे परतण्याच्या काव्यात्म आवेशाविषयी तीव्र संशय व्यक्त केला. ज्या देवांवरचा विश्वास उडाला आहे त्यांची नावे घेणे हा अभिनय होय, असा त्या संशयाचा रोख होता. हा आक्षेप ब्रॅथवेट यांना लागू पडतो का? वरवर पाहता पडतो. ब्रॅथवेट केंब्रिजचे इतिहासाचे पदवीधर. जमैकातील क्रिओल समाजाच्या घडणीवर प्रबंध लिहिणारे संशोधक. त्यांचे बार्बेडोस हे 'छोटे इंग्लंड' म्हणून ओळखले जाणारे बेट. वोदू त्यांच्या घरचे नव्हते. 'नेगस'मधील विनवणीची भाषाही त्यांची मायबोली नव्हे, ती हैतीची. म्हणजे लेग्बा त्यांना वारशाने मिळालेला नाही. तो त्यांनी शोधून काढला.

परंतु नेमकी येथेच 'नेगस'ची शेवटची ओळ वेगळी ऐकू येते. फाटक उघड अशी विनवणी कोण करतो? जो आत आहे तो करीत नाही. जो बाहेर उभा आहे, ज्याच्या हातून किल्ली गेली आहे, तोच करतो. ती ओळ श्रद्धेची ग्वाही देत नाही. श्रद्धा ज्याच्यापासून बळाने तोडली गेली त्याने उंबरठ्यावरून मारलेली ती हाक आहे. हाक मारण्यासाठी आतून उत्तर येईलच अशी खात्री असावी लागत नाही. किंबहुना तशी खात्री असती तर कवितेला एवढी तुटक अक्षरे जुळवावी लागली नसती. श्रद्धा आधी आणि आवाहन नंतर, असा क्रम आपण गृहीत धरतो. या कवितेत आवाहन आधी आहे. वॉलकॉट यांच्या संशयाला मला सापडलेले उत्तर एवढेच आहे, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचेही.

गंमत अशी की स्वतः वॉलकॉट यांनी 'ओमेरोस'मध्ये (१९९०) हाच उंबरठा वेगळ्या वाटेने गाठला. त्यातील अशील स्वप्नात आफ्रिकेत जातो, तेथे त्याचा पूर्वज-पिता त्याला त्याच्या नावाचा अर्थ विचारतो आणि अशीलला तो सांगता येत नाही. फिलॉक्टीटच्या नडगीवरील न भरणारी जखम अखेर बरी होते ती मा किलमन या दारूच्या दुकानदारणीच्या हातून. एका समुद्रपक्ष्याने आफ्रिकेतून पोटात आणलेल्या बीजाची वनस्पती ती मुंग्यांच्या मागोवा घेत डोंगरात शोधून काढते. ती त्या सकाळी चर्चमध्ये जाऊन आलेली असते. जुन्या देवांची नावे तिला नीट आठवत नाहीत. औषध मात्र लागू पडते. नाव विसरले गेले तरी क्रिया उरते, असे वॉलकॉट म्हणतात. क्रिया करीत राहिले तर नाव परत येईल, असे ब्रॅथवेट म्हणतात. दोघांत मतभेद आहे तो क्रमाचा. ऑलिव्ह सीनियर यांनी 'गार्डनिंग इन द ट्रॉपिक्स' (१९९४) या संग्रहाच्या अखेरच्या भागात नव्या जगातील आफ्रिकी देवतांना एकेक कविता वाहिली, तेव्हा या दोन्ही वाटा त्यांच्यासमोर होत्या.

जमैकातील अनान्सी कोळ्याच्या कथा सांगून झाल्यावर कथेकरी जॅक मॅन्डोरा नावाच्या कोणाला तरी उद्देशून एक ठराविक वाक्य म्हणतो. त्याचा मथितार्थ असा, की ही गोष्ट मी निवडलेली नाही, तिचा दोष माझ्यावर नाही. लुईज बेनेट यांच्या सादरीकरणांमुळे हे सूत्र सर्वदूर पोचले. एका स्पष्टीकरणाप्रमाणे हा जॅक मॅन्डोरा स्वर्गाचा द्वारपाल आहे. येथेही पुन्हा दार आणि दारापाशी उभा असलेला माणूस. कथेकरी कथेची जबाबदारी नाकारतो, पण ती सांगून झाल्यावर. मी उलटे केले. सांगण्याआधीच 'हे मिथक आहे' असे म्हणून मी जबाबदारी नाकारली आणि मग जे सांगितले त्यात कोणाला उद्देशून काहीच उरले नाही.

'आयलंड्स'मधील 'ओगुन' ही कविता मला सर्वांत शेवटी पुन्हा वाचावीशी वाटली. ओगुन हा योरुबांचा लोहाचा, हत्यारांचा देव. शीर्षकाखाली मात्र देवाविषयी काही नाही. आहे तो कवीचा सुतार काका. तो टेबले, खुर्च्या, शवपेट्या करतो. कारखान्यातील स्वस्त सामानामुळे त्याचा धंदा बसत चालला आहे. रविवारी, दुकान बंद असताना, तो लाकडाचा एक ओंडका कोरतो आणि त्यातून एक प्राचीन, संतप्त मुखवटा बाहेर येतो. काकाला ओगुन ठाऊक होता का? कविता सांगत नाही. तिने फक्त शीर्षकात नाव ठेवले आहे आणि त्याखाली हत्यार चालविणारा हात. समासात मी लिहिले होते : 'ओगुन = श्रमाचे मिथक'. पण कवीने बरोबरीचे चिन्ह दिलेले नव्हते. त्याने नाव आणि माणूस यांच्यामध्ये जागा मोकळी सोडली होती, आणि वाचकाचे काम त्या जागेत थांबणे हे होते.

त्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका केव्हाच रद्दीत गेली असेल. तो एम.ए. झाला एवढे मला माहीत आहे. पुढे त्याची भेट नाही. कापलेले गुण परत देता येत नाहीत. भेटलाच तर मी त्याला सांगेन, की माझा अजूनही यावर विश्वास नाही आणि माझ्या वडिलांनी आम्हाला गर्दीतून बाहेर नेले हे बरेच झाले असे मला अजून वाटते. पण ती कविता हाक मारते हे तू बरोबर लिहिले होतेस, आणि ज्याला पुरावा मागितला तो तू तास संपल्यावर टेबलावर वाजवून दाखविला होतास. त्या दिवशी प्रत बंद करण्यापूर्वी मी खोडरबर घेऊन समासातली बरोबरीची चिन्हे आणि त्यांपुढचे शब्द पुसले. लेग्बा, ओगुन ही नावे तेवढी राहू दिली.